कॅलेंडरवर न लिहिलेली फी

पत्र, थोडक्यात: "आम्ही ग्वाल्हेरला लष्कर भागात राहतो. यजमान दौलतगंजात एका दुकानात हिशोबनीस आहेत. पगार ३१,००० हातात येतो, पीएफ वगैरे काही नाही. मी घरी ब्लाऊज शिवते. लग्नसराईत १०,००० मिळतात, पितृपक्षात दोन हजारही नाही. सरासरी ६,००० धरा. घर सासऱ्यांचं, त्यामुळे भाडं नाही. सासूबाई ७४ वर्षांच्या. घरखर्च २२,५०० पर्यंत जातो. मुलगी इंदूरला बी.टेक.च्या दुसऱ्या वर्षात आहे. बारावीला सीबीएसईतून ८१ टक्के होते, प्रवेश काउन्सेलिंगमधून झाला. भंवरकुआँजवळ खोली घेऊन राहते. तिला दर महिन्याला ११,००० पाठवतो: खोली ४,५००, मेस ३,५००, हातखर्च ३,०००. सेमिस्टरची फी ४५,०००. पहिली साठवलेल्यातून भरली, दुसरीला भावाकडून ३०,००० घेतले, तिसरीला माझ्या पाटल्या सराफाकडे ४०,००० ला गहाण ठेवल्या, महिना दोन टक्क्यांनी. आता चौथी आली आहे. यजमान म्हणतात, एक लाखाचं पर्सनल लोन काढू. मुलगी आणखी २,००० मागते आहे. तिला यातलं काहीच माहीत नाही. धाकटा अकरावीत आहे, मध्य प्रदेश बोर्डात. आम्ही उधळे नाही. मग चुकतंय कुठे?"

ताई,

पत्रासोबत तुम्ही कॅलेंडरच्या पानाचा फोटो पाठवलात ते फार बरं केलंत. दुधाचे खाडे, गॅस कधी लागला, सासूबाईंच्या गोळ्या, "ताईला ११,०००" (म्हणजे मुलीला), सगळं तारखेवर लिहिलेलं आहे. इतका नेटका हिशोब ठेवणाऱ्या घराला उधळं कोण म्हणेल? पण त्या पानावर फी कुठेच नाही. वर्षातून दोनदाच येते म्हणून ती कुठल्याच महिन्याची झालेली नाही, आणि तुमचं घर नेमकं तिथेच अडतंय.

मुलीचा खर्च वर्षाचा मांडून बघा. खोलीचं भाडं सुट्टीतही द्यावं लागतं, म्हणजे १२ महिन्यांचे ५४,०००. मेस १० महिने, ३५,०००. हातखर्च १० महिने, ३०,०००. फी ९०,०००. ग्वाल्हेर-इंदूर चार खेपा, जाऊन-येऊन, ४,८०० धरू. परीक्षा फॉर्म, फाइली, प्रोजेक्ट, पुस्तकं यांचे ८,०००. कपडे, चष्मा, दवाखाना ६,०००. बेरीज होते २,२७,८००. बाराने भागलं की महिन्याला जवळजवळ १९,०००. तुम्ही दोघं इतके दिवस ११,००० चा खर्च समजून घर चालवताय, आणि वरचे ८,००० कधी भावाच्या रूपाने, कधी पाटल्यांच्या रूपाने बाहेर पडताहेत. ३७,००० मिळवणाऱ्या घरातून एका मुलीला १९,००० देणं कुठल्याही काटकसरीने जमणारं नाही. म्हणून भाजी स्वस्त कुठे मिळते यात तुमचा वेळ घालवत नाही.

त्या बेरजेतून फीचे ९०,००० काढले तर उरतात १,३७,८००, म्हणजे महिन्याला साधारण ११,५००. तुम्ही आज पाठवता त्याहून फक्त ५०० जास्त. तेव्हा राहणं-खाणं पगारातून आणि फी शैक्षणिक कर्जातून, अशी सरळ वाटणी करा. कर्ज म्हटलं की आपल्या घरांत पोटात गोळा येतो, पण कर्ज तर तुम्ही आधीच घेतलेलं आहे, आणि तेही सगळ्यात महाग ठिकाणाहून.

पर्सनल लोन आधी बाजूला करू. एक लाख, १६ टक्के, तीन वर्षं: हप्ता ३,५१६ रुपये आणि तो पुढच्याच महिन्यापासून. व्याजापोटी साडेसव्वीस हजार जातील. इतकं करूनही दोनच सेमिस्टर भरली जातील, उरलेल्या तीन सेमिस्टरचं काय?

शैक्षणिक कर्जाचं गणित वेगळं आहे. पाच सेमिस्टर बाकी, म्हणजे २,२५,००० हवेत. सरकारी बँकांच्या शैक्षणिक कर्जात ४ लाखांपर्यंत पदरचा हिस्सा घालावा लागत नाही आणि काही तारणही लागत नाही. कर्ज मुलीच्या नावावर निघतं, आई किंवा वडील सहकर्जदार. पैसे एकदम उचलायचे नसतात, बँक दर सेमिस्टरला ४५,००० थेट कॉलेजच्या खात्यात टाकते, आणि जेवढे उचलले तेवढ्यावरच व्याज लागतं. परतफेड कोर्स संपल्यावर आणखी एक वर्षाने सुरू होते. १० टक्के दर आणि सात वर्षांची मुदत धरली तर तेव्हाचा हप्ता साधारण ३,७३५ येतो, आणि तो ती तिच्या पगारातून देईल. स्टेट बँकेसह काही सरकारी बँका मुलींना दरात अर्धा टक्का सवलत देतात, ती विचारून घ्या.

याहून महत्त्वाची गोष्ट व्याज अनुदानाची. घरातल्या सगळ्यांचं मिळून वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल आणि मुलगी मान्यताप्राप्त संस्थेत तांत्रिक किंवा व्यावसायिक कोर्स करत असेल, तर शिक्षणाचा काळ अधिक एक वर्ष एवढ्या मुदतीचं व्याज केंद्र सरकार भरतं. तुमचे ३७,००० गुणिले १२ म्हणजे ४,४४,०००. तुम्ही मर्यादेच्या आत आहात, जेमतेम, पण आत आहात. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी शिवणकामाचं उत्पन्नही लिहा, लपवू नका. खरा आकडाच तुमच्या बाजूचा आहे. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये मंजूर झालेली पीएम-विद्यालक्ष्मी योजनाही आहे. तिच्यात ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत मिळते, पण ती ठरावीक वरच्या दर्जाच्या संस्थांनाच लागू आहे. मुलीचं कॉलेज त्या यादीत आहे का, ते विद्यालक्ष्मी पोर्टलवर, म्हणजे शैक्षणिक कर्जाच्या अर्जांच्या सरकारी संकेतस्थळावर, तिलाच बघू द्या.

हे अनुदान आपोआप मिळत नाही, आणि बहुतेक घरं इथेच हातचं घालवतात. कर्ज मंजूर झालं की सगळे सुटकेचा श्वास सोडतात, उत्पन्नाचा दाखला फाइलीत पडून राहतो, बँकेत तो नोंदवलाच जात नाही, आणि चार वर्षांनी व्याजाचा आकडा बघून घाम फुटतो. तेव्हा मंजुरीच्या दिवशीच शाखेत विचारा की अनुदानाचा दावा कोण आणि कधी टाकणार, आणि दाखला दिल्याची पोच घ्या. हे अनुदान आयुष्यात एकदाच मिळतं, पदवीला किंवा पदव्युत्तरला. कोर्स मधेच सोडला तर थांबतं. आणि समजा काही कारणाने नाहीच मिळालं, तर उचललेल्या प्रत्येक ४५,००० वर १० टक्क्यांनी महिन्याचं व्याज ३७५ रुपये होतं. ते दर महिन्याला भरत गेलात तर मुद्दल फुगत नाही.

कागद असे गोळा करा: दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, आतापर्यंतच्या सेमिस्टरचे निकाल, काउन्सेलिंगचं अलॉटमेंट लेटर, बोनाफाईड, उरलेल्या पाच सेमिस्टरच्या फीचा तक्ता कॉलेजच्या लेटरहेडवर, आधीच्या फीच्या पावत्या, दोघांचं आधार आणि पॅन, यजमानांची सॅलरी स्लिप आणि सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट. उत्पन्नाचा दाखला लोक सेवा केंद्रातून मिळेल. मूळ निवासी दाखला आणि समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा कुटुंबाचा ओळख क्रमांक) हेही जवळ असू द्या. अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवरून करायचा, शाखा मात्र ग्वाल्हेरची, घराजवळची निवडा, कारण फेऱ्या तुम्हालाच मारायच्या आहेत. शाखेत "आधी इथे एफडी करा" किंवा "सोबत विमा घ्यावाच लागेल" असं कोणी म्हणालं तर शांतपणे सांगा, हे लिहून द्या. नकार आला तर त्याचंही कारण लेखी मागा.

एक अडचण आपल्या मराठी घरांत हमखास येते, ती नावाची. गुणपत्रिकेवर इकडच्या पद्धतीने नाव आणि आडनाव एवढंच असतं, आधारवर मधे वडिलांचं नाव, आणि पासबुकात कुणीतरी आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग तिसरंच लिहिलेलं. हे तीन कागद टेबलावर शेजारी-शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा. जुळत नसेल तर गुणपत्रिका बदलायला जाऊ नका, त्याला महिने लागतात. आधार आणि बँकेतलं नाव गुणपत्रिकेप्रमाणे करून घ्या.

आता पाटल्या. महिना दोन टक्के ऐकायला लहान वाटतं, पण ते वर्षाला २४ टक्के झाले: ४०,००० वर महिन्याला ८००, वर्षाला ९,६००, आणि मुद्दल तिथल्या तिथे. तेच सोनं बँकेत ठेवलं तर व्याज साधारण निम्म्याहून खाली येतं. अडचण अशी की आधी सराफाचे पैसे चुकवल्याशिवाय पाटल्या हातात येत नाहीत. त्यासाठी यजमानांनी दुकानाच्या मालकांकडून दोन दिवसांची उचल मागावी. सकाळी सोडवा, त्याच दिवशी बँकेत न्या, आलेल्या पैशांतून उचल परत करा. सराफाकडून घेताना त्याच्या पावतीवरचं वजन आणि हातातलं वजन त्याच्याच काट्यावर बघून घ्या, आणि पावतीवर "हिशोब पूर्ण" लिहून सही घ्या.

फेडायचे कसे? ३७,००० मधून घर २२,५०० आणि मुलगी ११,५०० गेले की ३,००० उरतात. ते सगळे पाटल्यांकडे वळवा. लग्नसराईत शिवणकामाचे जास्त आलेलेही तिकडेच. सव्वा वर्षाच्या आत पाटल्या घरी येतील. मग भाऊ. भावाला आजच फोन करून सांगा की दादा, तुझे पैसे पाटल्या सुटल्यावर अमुक महिन्यापासून देते. त्याने मागितले नसतील, पण तारीख सांगितलेल्या उधारीने नाती आंबत नाहीत.

घरखर्चात हात घालण्यासारखी एकच जागा दिसली, ती सासूबाईंच्या औषधांची. पानावर २,८०० लिहिलेत. डॉक्टरांना औषधांची मूळ नावं लिहून द्यायला सांगा आणि जनऔषधी केंद्रात विचारा. रक्तदाब-साखरेच्या गोळ्यांत फरक मोठा पडतो. ७० च्या पुढच्या सगळ्यांना आता उत्पन्नाची अट न घालता आयुष्मान कार्ड मिळतं, ५ लाखांपर्यंतचा दवाखान्यातल्या भरतीचा खर्च त्यात येतो. रोजच्या गोळ्या येत नाहीत, तरी कार्ड काढाच. कारण एका भरतीत हा सगळा आराखडा कोसळू शकतो.

ते ११,५०० पाठवायचे कसे, हेही सांगते. पगाराच्या दुसऱ्या दिवशी ते तुमच्या एका वेगळ्या खात्यात आपोआप वळते होतील अशी सूचना बँकेत देऊन ठेवा. तिथून भाडं थेट घरमालकाला, मेसचे पैसे थेट मेसवाल्यांना. हातखर्च मात्र महिन्याचा एकदम देऊ नका, दर सोमवारी ७०० पाठवा. एकोणीस वर्षांच्या मुलीला ३,००० पाच तारखेला खूप वाटतात आणि वीस तारखेला संपलेले असतात. ७०० चं तसं होत नाही. ती घरी असते ते दोन महिने या खात्यात ७,०००-७,००० शिल्लक पडतात. ते पैसे घरात मुरू देऊ नका. "ती इथेच तर आहे" म्हणून याच महिन्यांत कुकर येतो, पडदे येतात. तिचे परीक्षा फॉर्म, गाडीभाडं, चष्मा हे सगळं या १४,००० मधून आणि दरमहा शिल्लक पडणाऱ्या ५०० मधूनच भागणार आहे.

यूपीआय सर्कल नावाची सोय आहे, तीत तुमच्या खात्यातून ती परस्पर खर्च करू शकते, महिन्याला १५,००० आणि एका वेळी ५,००० च्या मर्यादेत. सोय चांगली आहे, पण तुम्ही ती घेऊ नये असं माझं मत आहे. तिने प्यायलेला प्रत्येक चहा तुमच्या फोनवर वाजेल, आणि तुम्ही विचारल्याशिवाय राहणार नाही.

थोड्या गोष्टी तिच्याकडून होण्यासारख्या आहेत. सुट्टीत घरी येण्यासाठी विद्यार्थ्यांना रेल्वेत सेकंड आणि स्लीपरला ५० टक्के सवलत मिळते. कॉलेजकडून सवलतीचा फॉर्म भरून घ्यायचा आणि तिकीट खिडकीवरच काढायचं, मोबाइलवर नाही. बऱ्याच मुलांना हा फॉर्म कॉलेजच्या कार्यालयात असतो हेच ठाऊक नसतं. मेसला दोन-तीन दिवस आधी सांगितलं तर गैरहजेरीचे पैसे वळते करतात का, ते तिने ठरवून घ्यावं. पुस्तकं वरच्या वर्षाच्या मुलींकडून. शिकवण्या घ्यायच्या असतील तर आठवड्याला सहा तासांच्या वर नकोत. एक विषय राहिला तर पुन्हा फॉर्म, पुन्हा अभ्यास, आणि कर्ज देणारी बँकही निकाल बघते.

शिष्यवृत्त्यांचं सांगताना वाईट वाटतं, कारण तिच्या बाबतीत बहुतेक दारं पहिल्या वर्षीच बंद झाली. मध्य प्रदेश सरकार हुशार मुलांची फी भरतं त्या मेधावी विद्यार्थी योजनेला सीबीएसईचे ८५ टक्के लागतात. तंत्रशिक्षण परिषदेची (एआयसीटीई) 'प्रगती' शिष्यवृत्ती मुलींना वर्षाला ५०,००० देते, कुटुंबाच्या ८ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला, पण अर्ज पहिल्या वर्षात करावा लागतो. तिने भरला होता का, एवढं विचारा. मिळत असेल तर नूतनीकरण दरवर्षी करायचं असतं. ज्या वाचकांची मुलगी यंदा पहिल्या वर्षाला आहे त्यांनी आजच नॅशनल स्कॉलरशिप पोर्टल उघडावं.

धाकट्याचं मात्र सगळं हातात आहे. मध्य प्रदेश बोर्डात बारावीला ७० टक्के मिळाले तर मेधावी योजनेची गुणांची अट पूर्ण होते. इंजिनिअरिंगला जायचं असेल तर जेईई मेनमध्ये दीड लाखाच्या आतला क्रमांकही लागतो. केंद्राची एक गुणवत्ता शिष्यवृत्ती बोर्डाच्या वरच्या २० टक्क्यांतल्या मुलांना, साडेचार लाखांच्या आतल्या उत्पन्नाला मिळते: पहिली तीन वर्षं १२,००० आणि इंजिनिअरिंगच्या चौथ्या वर्षी २०,०००. ७५ टक्के हजेरी आणि ५० टक्के गुण राखावे लागतात. दोन्ही एकदम घेता येत नाहीत, जी मोठी ती घ्यायची. त्याचं खातं आत्ताच स्वतःच्या नावाने उघडा. केवायसीला आधार दिलं म्हणजे झालं असं नाही. सरकारी पैसे जमा होण्यासाठी आधार त्या खात्याशी वेगळं जोडावं लागतं. बँकेत "डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) जोडा" असं स्पष्ट म्हणा आणि फॉर्म भरून द्या.

मुलीला सांगायचं का? सांगायचं, आणि फोनवर नाही. ती घरी आली की रात्रीची जेवणं आटोपल्यावर दोघांनी तिला जवळ बसवा आणि २,२७,८०० ची बेरीज तिच्याच हाताने करू द्या. पाटल्यांची गोष्टही सांगा, पण "तुझ्यासाठी आम्ही" हे शब्द येऊ देऊ नका. त्या शब्दांनी मूल गप्प होतं, आणि गप्प झालेलं मूल गरज पडली की फोनवरच्या झटपट कर्जाच्या ॲपकडे जातं. तिथे ५,००० मागितले तर हातात कमीच येतात, परत पूर्ण मागतात, आणि चुकलं की तिच्या फोनमधल्या नंबरांवर धमक्या सुरू होतात. तिने असं काही घेतलंय का, हे त्याच रात्री विचारा. घेतलं असेल तर न रागावता ते आधी चुकतं करा, पाटल्यांच्याही आधी.

आणि जे २,००० ती जास्त मागतेय ते कशाला हवेत, हे अजून तिला कोणी विचारलेलंच नाही. पंधरा दिवसांचा खर्च लिहून आणायला सांगा, झेरॉक्सच्या दहा रुपयांसकट. रिक्षाचे पैसे जास्त जात असतील तर सिटी बसचा विद्यार्थी पास काढता येईल. मेसचं जेवण पुरत नसून ती रात्री बाहेर खात असेल, तर मेस बदलावी लागेल, आणि त्यासाठी चारशे-पाचशे वाढवून द्या. तिच्या पोटात वाचवलेले पैसे परीक्षेच्या महिन्यात दवाखान्यात जातात.

राहिली ही चौथी फी. कर्ज मंजूर होऊन पैसे कॉलेजात पोचायला महिनाभर सहज जातो. तोवर मुलीने कॉलेजच्या लेखा विभागात लेखी अर्ज द्यावा की शैक्षणिक कर्जाची प्रक्रिया सुरू आहे, फी दोन हप्त्यांत घ्यावी किंवा मुदत वाढवावी. बँकेच्या अर्जाची प्रत जोडावी आणि आपल्या प्रतीवर कॉलेजचा शिक्का घ्यावा. कॉलेज म्हणालं की अर्धी तरी आत्ता भरा, तर या महिन्याचे ३,००० आणि लग्नसराईच्या शिलाईची आगाऊ रक्कम घ्या; उरलेल्यासाठी मालकांकडे पगारातून कापून जाईल अशी उचल मागा. सराफाकडे पुन्हा जाऊ नका. विद्यालक्ष्मीवरचा अर्ज येत्या रविवारी मुलीला व्हिडिओ कॉलवर घेऊन भरून टाका, दाखल्यासाठी लोक सेवा केंद्रात सोमवारी जा.